हातभट्टीच्या तबकड्या

'हातभट्टी' हा शब्द महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. परवाना नाही, दर्जाची हमी नाही, बाटलीवर नावाची चिठ्ठी नाही, आणि तरीही मागणारे रात्रीबेरात्री दार ठोठावतातच, असा तो माल. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात देशभर दारूबंदी होती. चोरटी दारू विकणाऱ्याला तिकडे 'बूटलेगर' म्हणत. उंच बुटाच्या नळीत बाटली लपवून नेण्यावरून आलेला हा जुनाच शब्द. दारूबंदीच्या काळात तो घराघरांत पोचला. पुढे बंदी उठली, शब्द मात्र राहिला, आणि १९६९ च्या सुमारास तो दारूवरून उतरून गाण्याला चिकटला. गवयाला न विचारता त्याच्या मैफलीचे चोरून ध्वनिमुद्रण करायचे, त्याच्या तबकड्या काढायच्या आणि गुपचूप विकायच्या, या धंद्याला 'बूटलेग' असे नाव पडले. आपण त्यांना हातभट्टीच्या तबकड्या म्हणू.

या हातभट्टीशी इंग्लंडमधील 'द हू' नावाच्या एका संचाने कसा झगडा केला, त्यात काय कमावले आणि काय गमावले, ही हकीकत आज सांगावयाची आहे. हकीकत विलायतेतील असली तरी तिचा एक धागा थेट आपल्या नगर जिल्ह्यापर्यंत येऊन पोचतो. आणि तिच्यातला प्रश्न तर आज खेड्यापाड्यांतही प्रत्येकाच्या खिशात आहे. तो कसा, ते शेवटी पाहू.

प्रथम थोडी फोड करायला हवी, कारण या व्यवहारात दोन निरनिराळे गुन्हे एकाच नावाखाली खपून जातात. बाजारात रीतसर निघालेल्या तबकडीची हुबेहूब नक्कल करून ती स्वस्तात विकणे हा एक प्रकार. त्यात खरा माल दुकानात असतोच. चोर त्याची किंमत पाडतो. बूटलेगची गोष्ट वेगळी. जे गाणे कलावंताने कधी बाजारात आणलेच नाही, एखाद्या रात्री काही हजार लोकांपुढे गायिले आणि हवेत सोडून दिले, किंवा तालमीच्या खोलीत गायिले आणि बाजूला ठेवले, ते परस्पर पकडून विकायचे. पहिल्या प्रकारात कलावंताचा पैसा जातो. दुसऱ्यात पैशाबरोबर आणखीही एक गोष्ट जाते. आपले कोणते गाणे जगापुढे ठेवायचे आणि कोणते नाही, हे ठरविण्याचा अधिकार जातो.

आता हा 'द हू' म्हणजे कोण, ते सांगतो. आपल्याकडे तमाशाचा फड असतो तसा रॉक संगीतात संच असतो. त्याला तिकडे बॅण्ड म्हणतात. हा संच १९६४ साली लंडनमध्ये या नावाने उभा राहिला. माणसे चार. रॉजर डाल्ट्री गाणार, पीट टाउनशेंड विजेची गिटार वाजविणार आणि बहुतेक गाणीही तोच रचणार, जॉन एन्टविसल खर्जातली बास गिटार सांभाळणार, आणि कीथ मून ढोल-झांजांच्या ताफ्यामागे बसणार. चौघेही तेव्हा विशीच्या आसपासचे. त्यांचे वाजविणे इतके आडदांड की मैफलीच्या शेवटी कित्येकदा ते वाद्येच फोडून टाकीत. १९६७ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातील मॉण्टेरे येथे मोठा संगीत महोत्सव झाला. तेथे एकाच दिवशी दुपारी आपले पंडित रविशंकर यांची सतार झाली आणि रात्री या चौघांचा कार्यक्रम. वाद्याला पाय लागला तरी नमस्कार करणाऱ्या परंपरेतले रविशंकर. त्या महोत्सवातली वाद्यांची मोडतोड त्यांना मुळीच रुचली नाही.

ते काही असो. या संचाची खरी कीर्ती प्रत्यक्ष रंगमंचावर होती. तबकडीवर त्यांचे 'माय जनरेशन' हे गाणे जेमतेम साडेतीन मिनिटांचे. तेच ते मैफलीत रंगात आले म्हणजे चौदा-पंधरा मिनिटे चाले. मधेच दुसऱ्या गाण्याचा तुकडा यायचा, मधेच गिटार एकटीच भटकून यायची, पुन्हा सगळे समेवर यायचे. आपल्याकडे ज्याने एकच बंदिश एकाच गवयाकडून तीन मैफलींत तीन तऱ्हांनी ऐकली आहे, त्याला यातली गंमत वेगळी सांगायला नको. घरी तबकडी असूनही रसिक मैफलीला का धावतो, आणि मैफल ऐकून आल्यावर तीच पुन्हा ऐकायला मिळावी म्हणून का तळमळतो, याचे उत्तर येथे आहे. हातभट्टीवाल्यांनी नेमकी ही तळमळ हेरली.

१९६९ च्या उन्हाळ्यात लॉस एंजलिसच्या दुकानांत पांढऱ्या कोऱ्या वेष्टनातली एक जोड-तबकडी दिसू लागली. तिच्यावर ना कंपनीचे नाव, ना चित्र. आत बॉब डिलन या प्रसिद्ध कवी-गायकाची, त्याने कधीच प्रसिद्ध न केलेली गाणी होती. काही घरगुती ध्वनिमुद्रणे, काही तालमीतली. 'ग्रेट व्हाइट वंडर' या नावाने ती ओळखली गेली आणि धडाधड खपली. रॉक संगीतातली हातभट्टीची पहिली गाजलेली तबकडी हीच. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला 'रोलिंग स्टोन्स' या संचाची ओकलंड येथे मैफल झाली. तिचे कोणीतरी श्रोत्यांत बसून ध्वनिमुद्रण केले आणि डिसेंबरात तबकडी बाजारात! मधे काही आठवडेच गेले होते. स्टोन्सची स्वतःची, न्यूयॉर्कच्या मैफलींची अधिकृत तबकडी निघाली ती पुढच्या वर्षी सप्टेंबरात. म्हणजे चोर सुमारे नऊ महिने आधी पोचला, आणि धनी मागाहून.

हे इतके सोपे कसे झाले? कारण यंत्र हलके झाले होते. पूर्वी ध्वनिमुद्रणाला खोलीभर सामग्री लागे. साठीच्या दशकात बॅटरीवर चालणारी, खांद्यावरच्या पिशवीत मावणारी फीतयंत्रे निघाली. कोटाच्या बाहीत ध्वनिग्राहक लपवावा, कळ दाबावी आणि निमूट बसून राहावे. फीत झाली की तिच्यावरून साचा पाडायचा आणि तबकड्या दाबून देणारा एखादा छोटा कारखाना गाठायचा. अशा कारखान्यांना काय दाबतो आहोत याची फारशी विचारपूस करण्याची गरज वाटत नसे. शिवाय अमेरिकेच्या कायद्यातच एक मोठे भगदाड होते. गाण्याचे शब्द आणि चाल यांना तेथे हक्काचे संरक्षण होते. पण प्रत्यक्ष ध्वनिमुद्रित आवाजाला देशव्यापी कायद्याचे संरक्षण १५ फेब्रुवारी १९७२ पर्यंत नव्हतेच. विहीर कागदोपत्री तुमची, पाणी कोणीही भरावे, असा तो कारभार होता.

अशा या वातावरणात 'द हू' हा संच १९६९ साली अमेरिकेचा दौरा करीत होता. त्या वर्षी मे महिन्यात त्यांची 'टॉमी' ही दीर्घ संगीतिका निघाली होती. दौऱ्यावर ती जवळजवळ सगळी गाऊन दाखवीत आणि थिएटरे तुडुंब भरत. या मैफलींची स्वतःची अधिकृत तबकडी काढावी, असा संचाचा विचार होता. म्हणून त्यांचा ध्वनियोजक बॉब प्रिडन याने जागोजागच्या मैफली फितींवर घेतल्या. दौरा संपवून मंडळी इंग्लंडला परतली तेव्हा सुमारे ऐंशी तासांचे ध्वनिमुद्रण साठले होते.

आता ऐंशी तास ऐकायचे, त्यातून निवड करायची, टिपणे करायची, हे काम कोण करणार? टाउनशेंड थकलेला, आणि दुसऱ्या कामांचा रेटा मागे. त्याने फिती ऐकल्याच नाहीत. त्यापेक्षा इंग्लंडमध्येच दोन मैफली खास ध्वनिमुद्रणासाठी ठरवाव्यात, हा मार्ग त्याला सुटसुटीत वाटला. मग राहिला प्रश्न या फितींचा. त्या कुठेतरी पडून राहिल्या आणि एखाद्या चोराच्या हाती लागल्या, तर महिन्याभरात त्यांच्या तबकड्या निघणार, ही धास्ती. टाउनशेंडने प्रिडनला सांगितले, जाळून टाक. आणि ऐन उमेदीत आलेल्या संचाच्या एका सबंध दौऱ्याची होळी झाली.

श्रोतेहो, या गोष्टीपाशी क्षणभर थांबले पाहिजे. चोर येईल म्हणून घरधन्याने आपलेच धान्याचे कोठार पेटवावे, तशी ही गोष्ट. पुढे टाउनशेंडने स्वतःच या निर्णयाबद्दल हळहळ व्यक्त केली. पण त्या वेळी त्याच्या मनात काय होते तेही समजून घ्यायला हवे. फितीत जशा चांगल्या रात्री होत्या तशा वाईटही असणार. घसा बसलेला, तार सैल झालेली, ताल चुकलेला, अशीही एखादी रात्र असणार. ती आपल्या नावावर, आपल्याला न विचारता, कायमची लोकांच्या कपाटात जाऊन बसावी ही कल्पना कुठल्याही कलावंताला असह्य होते. आपल्याकडेही कित्येक बुजुर्ग गवई ध्वनिमुद्रणाला नाखूश असत. मैफलीत आलेल्याने मैफलीत ऐकावे, हा त्यामागचा भाव.

ठरल्याप्रमाणे १४ फेब्रुवारी १९७० रोजी लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहात पहिली मैफल झाली. भोजनगृह म्हणजे विद्यार्थ्यांची खाणावळच. टेबले बाजूला सारून तेथे सुमारे दोन हजारांची दाटी झाली होती. दुसऱ्या दिवशी, १५ फेब्रुवारीला, हल या बंदराच्या गावी दुसरी मैफल. दोन्ही ठिकाणी आठ मार्गांच्या फितीवर ध्वनिमुद्रण झाले. हलचे वादन टाउनशेंडला अधिक पसंत होते, असे म्हणतात. पण फीत लावून पाहतात तो काय, सुरुवातीच्या काही गाण्यांत एन्टविसलची बास गिटार उमटलीच नव्हती! खर्ज नसलेले गाणे म्हणजे पाया नसलेली भिंत. तेव्हा लीड्स पक्के झाले. गंमत पाहा, घरात ऐंशी तास असताना ते जाळले, आणि तबकडी निघाली ती एका रात्रीच्या शिल्लकीवर.

लीड्सच्या फितीतही तारांच्या दोषामुळे मधूनमधून कट्कट् असा आवाज आला होता. तो तेव्हा काढता येईना. मग त्यांनी काय करावे? तबकडीच्या मधल्या चिठ्ठीवर हाताने लिहूनच टाकले की हे आवाज असेच राहू द्यावेत, दुरुस्त करू नयेत. आणि वेष्टन? जाड तपकिरी कागदाचे, चित्र नाही, रंग नाही. संचाचे नाव आणि 'लाइव्ह ॲट लीड्स' हे शब्द टपालाच्या शिक्क्यासारखे तिरपे उठविलेले. थोडक्यात, हुबेहूब हातभट्टीच्या तबकडीचे सोंग! चोरांनी धन्याची नक्कल करावी हा जगाचा रिवाज. येथे धन्यानेच चोरांची नक्कल केली.

या सोंगात मोठी अक्कल होती. चोरट्या तबकडीचे आकर्षण कशात असते? तिच्यात खरी, न सजविलेली, घामाने भिजलेली मैफल आहे, असे ऐकणाऱ्याला वाटते. कंपनीची तबकडी म्हणजे न्हाऊन-माखून, पावडर लावून बसविलेला मुलगा. चोरटी तबकडी म्हणजे अंगणात धुळीत खेळणारा. 'द हू'ने सांगितले, धुळीत खेळणारा मुलगा आम्हीच देतो, आणि तो आमचाच आहे याची खातरीही देतो. वेष्टनाच्या आत त्यांनी जुन्या कागदांच्या नकलाही घातल्या. त्यात एका मोठ्या कंपनीने आरंभीच्या दिवसांत त्यांना दिलेले नकाराचे पत्र होते, आणि १९६९ च्या वुडस्टॉक महोत्सवाचा करारही होता. असा नजराणा कुठला हातभट्टीवाला देणार? मे १९७० मध्ये ही तबकडी निघाली. तिच्यात अवघी सहा गाणी होती. खपाच्या यादीत ती इंग्लंडमध्ये तिसऱ्या आणि अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत चढली. प्रत्यक्ष मैफलीच्या ध्वनिमुद्रणांत ती आजही अव्वल मानली जाते. २००६ साली संच पुन्हा लीड्सला गायला गेला तेव्हा त्या खाणावळीच्या इमारतीवर निळा स्मृतिफलक लावण्यात आला.

आता मघाशी म्हटलेला नगर जिल्ह्याचा धागा. टाउनशेंड हा मेहेरबाबांचा भक्त. मेहेरबाबांचा जन्म १८९४ साली पुण्याचा. १९२५ पासून त्यांनी मौन पाळले. ३१ जानेवारी १९६९ रोजी त्यांनी देह ठेवला. आणि अहमदनगरजवळ, म्हणजे आजच्या अहिल्यानगरजवळ, अरणगावच्या मेहेराबाद येथे त्यांची समाधी आहे. ज्या 'टॉमी' संगीतिकेचा दौरा जळाला, तिच्या वेष्टनावर मेहेरबाबांचे नाव 'अवतार' म्हणून छापलेले आहे. लीड्सच्या मैफलीनंतर अकराच दिवसांनी, २५ फेब्रुवारीला, मेहेरबाबांचा जन्मदिन होता. त्यानिमित्त टाउनशेंडने आणि इतर भक्तांनी मिळून एक खासगी तबकडी काढली, 'हॅपी बर्थडे'. प्रती मोजक्याच, भक्तमंडळींत वाटायच्या. १९७२ साली अशीच दुसरी निघाली, 'आय ॲम'. ती आपल्याकडच्या उत्सवी पुस्तिकेसारखी गोष्ट. धंद्याचा हेतू नाही, दुकानाचा संबंध नाही.

पण प्रसिद्ध माणसाचा आवाज तिच्यात होता, आणि तो दुर्मिळ होता. एवढे हातभट्टीला पुरेसे. या भक्तीच्या तबकड्यांच्याही चोरट्या प्रती अमेरिकेत निघून विकल्या जाऊ लागल्या. गुरूला वाहिलेले फूल देवळाबाहेर टोपलीत घालून विकावे, त्यातला हा प्रकार. येथे टाउनशेंडने होळी पेटविली नाही. लीड्सचा धडा त्याच्या कामी आला असावा. त्याने त्यातली काही गाणी घेतली, काही नवी घातली आणि १९७२ मध्येच 'हू केम फर्स्ट' या नावाने रीतसर तबकडी सर्वांसाठी बाजारात आणली. मेहेरबाबांच्या 'परवरदिगार' प्रार्थनेचे त्याने केलेले गीतरूप तिच्यात आहे. खासगी जपायची गोष्ट सार्वजनिक करावी लागली खरी. पण ती चोराच्या हातून जाण्याऐवजी स्वतःच्या हातून गेली.

हाच मार्ग पुढे एन्टविसलने धरला. संचाची जुनी, दुकानांत न मिळणारी गाणी गोळा करून चोरट्यांनी 'हूज झू' नावाची तबकडी काढली होती. एन्टविसलने संचाच्या पेटाऱ्यातली अप्रकाशित गाणी निवडून तिला जोड म्हणून 'ऑड्स अँड सॉड्स' ही अधिकृत तबकडी १९७४ साली सिद्ध केली. नावाचा अर्थच मुळी उरलासुरला माल असा आहे. आपल्या घरातली अडगळ चोर विकतो आहे, तर ती आपणच झाडून-पुसून का देऊ नये, हा साधा हिशेब.

सगळेच काही एवढे शहाणपणाने वागले असे नाही. 'लेड झेपेलिन' या दुसऱ्या इंग्लिश संचाचा व्यवस्थापक पीटर ग्रँट हा देहाने धिप्पाड आणि स्वभावाने तापट. चोरट्या तबकड्या ठेवणाऱ्या दुकानात तो स्वतः जाऊन माल जप्त करी. १९७१ साली कॅनडातील व्हँकूव्हरच्या मैफलीत त्याला जमिनीवर एक यंत्र दिसले. हे ध्वनिमुद्रणाचे यंत्र, असे समजून त्याने त्याचा चुराडा करविला. मागाहून कळले की गाण्याचा गोंगाट किती होतो हे मोजायला आलेल्या सरकारी माणसांचे ते मापनयंत्र होते! दंडुक्याने चोरी थांबवायला निघाले म्हणजे असेही होते.

मग कायद्याचे काय? ब्रिटनमध्ये कलावंताच्या लेखी संमतीशिवाय त्याच्या प्रयोगाचे ध्वनिमुद्रण करणे १९२५ च्या कायद्यानेच गुन्हा ठरले होते, आणि १९७२ मध्ये शिक्षा वाढविण्यात आल्या. परंतु गुन्हा सरकारविरुद्धचा. कलावंताला स्वतःचा असा स्पष्ट दिवाणी हक्क मिळाला तो १९८८ च्या कायद्याने. अमेरिकेत तर १९८५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक मोठा रंजक मुद्दा आला. एल्व्हिस प्रेस्ली या गायकाच्या चोरट्या तबकड्या राज्याराज्यांत पाठविणाऱ्या एका माणसावर 'चोरीचा माल' वाहून नेल्याचा खटला होता. न्यायालयाने म्हटले, याने गायकाचा हक्क मोडला आहे. पण बैल चोरला म्हणजे धन्याच्या गोठ्यातला बैल नाहीसा होतो, तसे येथे काही नाहीसे झालेले नाही, म्हणून त्या कायद्याखालची ही चोरी नव्हे. बैलाचा दाखला माझा, तर्क न्यायालयाचा. युरोपात १९९३ साली फिल कॉलिन्स या इंग्लिश गायकाच्या दाव्यात तेथील न्यायालयाने एक पळवाट बंद केली. त्याच्या १९८३ च्या अमेरिकेतील मैफलीची चोरटी तबकडी जर्मनीत विकली जात होती, आणि गायक जर्मन नाही म्हणून जर्मन कायदा त्याला उपयोगी पडत नव्हता. असा भेदभाव चालणार नाही, असा निकाल झाला. अखेर १९९४ च्या जागतिक व्यापार करारात कलावंताच्या संमतीचे तत्त्व आले, आणि त्याच वर्षी अमेरिकेनेही मैफलीच्या चोरट्या ध्वनिमुद्रणाविरुद्ध कायदा केला.

आपल्या देशाने हेच पाऊल त्याच वर्षी उचलले. आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. त्यात १९९४ च्या दुरुस्तीने 'प्रयोगकर्त्याचा हक्क' नव्याने घातला गेला आणि १० मे १९९५ पासून तो अमलात आला. प्रयोगकर्ता कोण, याची त्या कायद्यातली यादी शिक्षकांनी वर्गात वाचून दाखवावी इतकी छान आहे. नट, गायक, वादक, नर्तक तर आहेतच. शिवाय कसरतपटू, हातचलाखी करणारा, जादूगार, गारुडी आणि व्याख्यान देणारासुद्धा त्यात आहे. लंडनच्या गिटारवाल्याला जो हक्क मिळण्यासाठी दशके गेली, तो गावच्या जत्रेतल्या गारुड्यालाही कायद्याने दिलेला आहे. प्रथम हा हक्क २५ वर्षांचा होता. १९९९ मध्ये तो ५० वर्षांचा झाला. स्वतःच्या खासगी ऐकण्यासाठी, किंवा खऱ्याखुऱ्या अध्यापन-संशोधनासाठी केलेल्या ध्वनिमुद्रणाला त्यात सवलत ठेवली आहे.

कायदे झाले, पण हातभट्टी कायद्याने बंद झाली असे कोणी म्हणणार नाही. तिची धार कमी केली ती दुसऱ्याच उपायाने. कॅलिफोर्नियातील 'ग्रेटफुल डेड' या संचाने ऑक्टोबर १९८४ पासून आपल्या मैफलींत ध्वनिमुद्रण करणाऱ्या श्रोत्यांसाठी वेगळी जागाच राखून ठेवली. घ्या, आपसांत द्या, पण विकू नका, एवढीच अट. श्रोतेच मग राखणदार झाले. विकणाऱ्याला ते आपल्यात उभे करीनात. 'पर्ल जॅम' या संचाने २००० सालच्या दौऱ्यातील मैफलींची ध्वनिमुद्रणे स्वतःच बाजारात आणली. युरोपातल्या पंचवीस मैफली एकदमच निघाल्या, आणि दौऱ्याअखेर एकूण संख्या ७२ झाली. 'द हू'नेही २००२ पासून आपल्या दौऱ्यातील मैफलींची अधिकृत ध्वनिमुद्रणे टपालाने विकण्यास सुरुवात केली. एक रात्रही बाहेर जाऊ नये म्हणून फिती जाळणारा हा संच, तेहतीस वर्षांनी रात्रीमागून रात्र श्रोत्याच्या हाती देऊ लागला. त्या वेळी कीथ मून जाऊन चोवीस वर्षे झाली होती, आणि एन्टविसलही त्याच वर्षीच्या दौऱ्याच्या आदल्या दिवशी वारला होता.

लीड्सची मैफलही हळूहळू पुरी उलगडली. १९९५ साली यंत्राने कट्कट् काढून वाढीव आवृत्ती निघाली, २००१ साली जवळजवळ संपूर्ण मैफल आली. २०१० साली हलची मैफलही प्रसिद्ध झाली. पहिल्या गाण्यांत न उमटलेली बास लीड्सच्या फितीवरून आणून बसविली, आणि पायाविना राहिलेली भिंत चाळीस वर्षांनी पुरी झाली. फीत जपली होती म्हणून हे जमले. जी जळाली तिचे काय करणार?

येथे हातभट्टीवाल्यांच्या बाजूनेही एक शब्द बोलला पाहिजे. नाही तर हकीकत अर्धवट राहील. संगीताच्या इतिहासात कित्येक मैफली आज आपल्याला ऐकू येतात त्या कोणीतरी कोपऱ्यात बसून यंत्र लावले म्हणून. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात लायोनेल मेपलसन नावाचा ग्रंथपाल होता. १९०१ ते १९०३ च्या सुमारास त्याने एडिसनचे यंत्र रंगमंचापाशी नेऊन, पुढे वरच्या माळ्यावर चढवून, चालू प्रयोगांचे तुकडे मेणाच्या नळकांड्यांवर घेतले. आवाज खरखरीत, अर्धा हरवलेला. पण त्या काळचे गायक भरल्या नाट्यगृहात कसे गात, हे सांगणारा दुसरा पुरावा नाही. त्याने ते विकले नाहीत, हे महत्त्वाचे. आपल्याकडेही घरगुती मैफलींच्या फिती जिवापाड जपणारे रसिक गावोगाव होऊन गेले, आणि त्यांच्या कपाटांत जे राहिले ते कोणत्याही कंपनीजवळ नाही. तेव्हा जपणारा आणि विकणारा यांना एका दोरीने बांधणे हा अन्याय होईल. दोघांच्या हातात यंत्र एकच असते. फरक पडतो तो पुढच्या वागण्यात. एक कलावंताची आठवण ठेवतो, दुसरा त्याच्या पाठीमागे दुकान मांडतो.

आणि आता हा प्रश्न खिशात कसा आला ते सांगतो. १९६९ साली जे यंत्र पिशवीत लपवून न्यावे लागे, ते आज शेतावर जाणाऱ्या गड्याच्याही हातात आहे. सप्ताहात कीर्तनकार उभे राहिले की पन्नास मोबाईल वर होतात. जत्रेत लावणी रंगली की दुसऱ्या सकाळी ती तालुकाभर फिरते. शाहिराचा पोवाडा, आजीच्या जात्यावरच्या ओव्या, भजनी मंडळाची एखादी जुनी चाल, हे सगळे आता क्षणात पकडता येते आणि क्षणात जगभर सोडता येते. यातले जपण्यासारखे खूप आहे, आणि ते जपलेच पाहिजे, कारण गाणारे गळे थकत चालले आहेत. पण पकडण्याआधी विचारणे आणि सोडण्याआधी पुन्हा एकदा विचारणे, एवढे सौजन्य आपल्या हातात आहे. बाई, तुमच्या ओव्या टिपून घेऊ का? बुवा, हे कीर्तन बाहेर पाठविले तर चालेल का? नाव कोणाचे घालू? यातून कोणी पैसा मिळविला, तर तुमचा वाटा किती?

शिक्षकांना तर ही चांगली संधी आहे. गावातल्या दोन-चार जाणत्या कलावंतांना शाळेत बोलवावे, त्यांच्या संमतीने नीट ध्वनिमुद्रण करावे, कोण गायिले, कधी गायिले, कोणाकडून शिकले हे मुलांकडून लिहून घ्यावे, एक प्रत त्या कलावंताच्या घरी पोचवावी आणि एक शाळेत ठेवावी. कलावंताला विश्वास वाटला की तो आपले भांडार आपणहून उघडतो. तो धास्तावला, तर तोंड मिटून बसतो, आणि त्याच्याबरोबर त्याचे गाणेही जाते.

'द हू'च्या ऐंशी तासांच्या फितींची होळी चोरांनी केली नाही. ती धन्यानेच केली. पण त्याच्या हाती काडी दिली ती चोरांच्या भीतीने. आपल्या गावातल्या कोणा गाणाऱ्यावर ती पाळी येऊ नये, एवढी काळजी आपण ऐकणाऱ्यांनी घेतली पाहिजे.